पळसाचा रंग

पळसाला पाने तीनच, ही म्हण लहानथोरांच्या तोंडी आहे. पळसाच्या फुलाचा रंग कोणता, असे मात्र कोणी विचारले, तर दहा माणसे दहा उत्तरे देतील. कोणी केशरी म्हणेल, कोणी शेंदरी, कोणी भगवा, तर कोणी नुसताच तांबडा म्हणून मोकळा होईल. बोरीवलीच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य पसरलेले आहे. फाल्गुनाच्या सुमारास तेथे पळस फुलतो, आणि त्याच दिवसांत पांगाराही फुलतो. दोघांचीही पाने तेव्हा बहुधा झडून गेलेली असतात. दोघांचीही फुले तांबड्या अंगाची. गंमत अशी, की पांगाऱ्याचे पानही त्रिदलच असते! तेव्हा दुरून पाहणाऱ्याने झाड ओळखावे ते रंगावरून. पळसाची ज्वाला नारिंगीकडे झुकलेली, तर पांगाऱ्याचा लाल रंग पोवळ्यासारखा गडद.

याच अरण्यापासून थोड्या अंतरावर, लहान कारखान्यांच्या गाळ्यांत एक छापखाना होता. मुलांसाठी लिहिलेल्या एका वृक्षपरिचयाच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ तेथे छापले गेले. मुखपृष्ठावर फुललेला पळस होता आणि त्याच्या मागे स्वच्छ निळे आभाळ. पुस्तक हातात धरून मुले रानात जाणार, चित्रातला रंग आणि झाडावरचा रंग ताडून पाहणार आणि 'हा पळस' असे म्हणणार. चित्रातला रंग चुकला, तर झाडच चुकले.

छापखान्यातील यंत्र चालवणारे गृहस्थ साठीच्या घरात पोहोचले होते. सारेजण त्यांना काका म्हणत. वयाच्या अठराव्या वर्षी ते छपाईच्या यंत्राशी उभे राहिले, ते उभेच. छापलेला ताव हाती आला, की ते तो दिव्याखाली न पाहता उत्तरेकडच्या खिडकीशी नेत. तेथे ऊन थेट येत नसे, त्यामुळे उजेड दिवसभर सारखा राही. तावाकडे क्षणभर पाहायचे, मग नजर भिंतीच्या करड्या रंगावर टेकवायची आणि पुन्हा तावाकडे वळवायची, अशी त्यांची रीत होती. भडक रंगाकडे टक लावून पाहिले, की डोळा थकतो आणि पुढचा रंग खोटा दिसतो, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

ही डोळ्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. फ्रिट्झ श्लायशर नावाचे जर्मन तंत्रज्ञ तेथे होते. चित्रपटमहर्षी म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले दादासाहेब फाळके यांनीही त्या छापखान्यासाठी काम केले. लक्ष्मी-सरस्वतीची जी चित्रे घरोघरी भिंतींवर लागली, त्यांतील प्रत्येक रंगासाठी एकेक निराळा दगड तयार करावा लागे आणि एकावर एक रंग चढवीत चित्र पुरे करावे लागे. साडीचा रंग बिघडला की नाही, याचा निवाडा कारागिराच्या डोळ्याखेरीज दुसरे कोण करणार?

काकांचे यंत्र दगडाचे नव्हते. आजच्या रंगीत छपाईत मुख्यतः चारच शाया असतात : सायन म्हणजे आकाशी निळी, मॅजेंटा म्हणजे राणी रंगाची, पिवळी आणि काळी. या चौघींच्या बारीक ठिपक्यांतून साऱ्या जगाचे रंग उमटतात. कागदावर बसणारा शाईचा थर सुमारे एक सहस्रांश मिलिमीटर इतका पातळ असतो. यंत्रावर शाईच्या पात्राला ओळीने किल्ल्या असतात. किल्ली किंचित सैल केली, की तावाच्या तेवढ्या पट्ट्यात शाई वाढते. आवळली, की घटते. पळसाच्या पाकळीवर पिवळी आणि मॅजेंटा या दोघी एकत्र येतात. मॅजेंटाने जरा जास्त जागा अडवली, की पळसाचा पांगारा होऊ लागतो.

हा थर मोजायचा कसा? इतका पातळ पदार्थ पट्टीने मोजता येत नाही. म्हणून तो प्रकाशाने मोजतात. छापलेल्या रंगावर प्रकाशाचे १०० भाग टाकले आणि त्यांतले १० परत आले, तर त्या छपाईची घनता १ मानतात. एकच भाग परत आला, तर घनता २. मॅजेंटाची घनता १.४ आहे असे म्हटले, म्हणजे तिने शोषलेल्या प्रकाशाचे १०० पैकी सुमारे ४ भागच माघारी आले. १.३ म्हटले, तर ५ आले. (विज्ञानाच्या तासाला लोखंडाची आणि पाण्याची जी घनता शिकवतात, ती ही नव्हे. शब्द एक आणि अर्थ दोन, असा हा प्रकार आहे. परीक्षेत त्यांची गल्लत करू नये!) इंग्लंडात फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांनी १८९० साली छायाचित्राच्या काचेसाठी ही कल्पना मांडली. पुढे ती छापखान्यात आली. तावाच्या कडेला चारही शायांचे छोटे चौकोन छापतात आणि डेन्सिटोमीटर नावाचे यंत्र त्यांवर टेकवून आकडा वाचतात. पुस्तक बांधताना ही रंगपट्टी कापली जाते, म्हणून ती वाचकाला कधी दिसत नाही. बिस्किटांच्या पुड्याच्या कडेला मात्र असे रंगीत चौकोन पुष्कळदा सापडतात.

मुखपृष्ठाची पहिली आवृत्ती छापून झाली, तेव्हा काकांनी सर्वांत चांगला ताव निवडला आणि त्याच्या कडेवर पेन्सिलीने चारही घनता लिहून ठेवल्या. मॅजेंटा १.४०, सायन १.४५, असे ते आकडे होते. मग तो ताव काळ्या कागदात गुंडाळून त्यांनी खणात ठेवला. उजेडाने रंग उडतात, म्हणून ही काळजी.

पाच वर्षांनी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. दिवस श्रावणाचे होते. बाहेर पावसाची झड लागली होती. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगून रंग एकमेकांवर नीट बसेनात, म्हणून अर्धा दिवस कागद ठीकठाक करण्यात गेला. काकांच्या हाताखाली तेव्हा एक तरुण मुलगी काम करीत होती. मुंबईच्या शासकीय मुद्रण तंत्र संस्थेतून ती शिकून आली होती. तिने जुन्या तावावरचे आकडे पाहिले, किल्ल्या फिरवल्या आणि मॅजेंटा बरोबर १.४० वर आणून उभी केली. पिवळीही जुळली.

काकांनी ताव खिडकीशी नेला. पुष्कळ वेळ ते बोलले नाहीत.

"पोरी, हा पांगारा झाला," अखेर ते म्हणाले.

"पण काका, आकडा तर तोच आहे."

"आकडा तोच असेल. पळस तो नाही."

छापखान्याचे मालक घाईत होते. १०,००० मुखपृष्ठे आठवड्याच्या आत बांधणाऱ्याकडे जायची होती. त्यांनी यंत्रावरचा आकडा पाहिला, जुन्या तावावरचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "काका, यंत्र खोटे कसे बोलेल? सोडा छपाई."

यंत्र खोटे बोलत नव्हतेच. त्याला जेवढे विचारले, तेवढेच ते सांगत होते. मॅजेंटा शाई हिरवा प्रकाश शोषते, म्हणून डेन्सिटोमीटर तिच्याकडे हिरव्या काचेतून पाहतो. पिवळीकडे तो निळ्या काचेतून पाहतो आणि सायनकडे तांबड्या. परत आलेला हिरवा प्रकाश किती, एवढाच त्याचा प्रश्न असतो. बाकीच्या प्रकाशाचे त्या शाईने काय केले, याची विचारपूस तो करीत नाही. अधिक चौकशी केल्यावर कळले, की या खेपेस मॅजेंटा शाई निराळ्या कारखान्याची आली होती. जुनी शाई हिरवा प्रकाश खाई आणि नारिंगी बहुतेक सोडून देई. नवी शाई हिरव्याबरोबर शेजारच्या नारिंगीचाही घास घेत होती. हा चोरटा घास हिरव्या खिडकीतून दिसत नाही. डोळ्याला मात्र तो दिसतो. पळसाची नारिंगी छटाच त्या घासात गेली होती.

शाई किती आहे हे घनता सांगते. रंग कोणता आहे हे सांगण्यासाठी दुसरे मोजमाप लागते. मुलीने ओळखीच्या एका छापखान्यातून स्पेक्ट्रोफोटोमीटर मागून आणला. हे यंत्र परत आलेल्या प्रकाशाचे इंद्रधनुष्यासारखे तुकडे करते आणि जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत प्रत्येक तुकडा वेगळा मोजते. मग त्या सर्वांवरून ते तीन आकडे काढते : रंग किती उजळ, तांबडा-हिरव्यांपैकी कोणाकडे झुकलेला आणि पिवळा-निळ्यांपैकी कोणाकडे. नकाशावर गाव दाखवावे, तशी या तीन आकड्यांनी रंगाची जागा ठरते. दोन रंगांच्या जागांमधले अंतरही मग मोजता येते. सध्या छापखान्यांत चालणारी ही पद्धत १९७६ सालची आहे. अंतर १ च्या आसपास असेल, तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक कष्टानेच दिसतो. चार मूळ शायांच्या भरीव छपाईत ५ पर्यंतचे अंतर आंतरराष्ट्रीय मानकाने क्षम्य मानले आहे.

रंग आकड्यांनी बांधण्याची गरज केवळ छापखान्यालाच पडते असे नाही. भारतीय मानक संस्थेने १९५१ साली राष्ट्रध्वजाचे पहिले मानक प्रसिद्ध केले. ध्वजाचा केशरी म्हणजे नेमका कोणता केशरी, हे मानकात आकड्यांनीच सांगितलेले असते. एकाचा केशरी दुसऱ्याचा नारिंगी होऊ नये, म्हणून.

"हे तुझे यंत्र कोणाच्या डोळ्याने पाहते?" काकांनी विचारले. प्रश्न काहीसा खोचक होता, पण वावगा नव्हता.

"सतरा जणांच्या," मुलगी म्हणाली.

ती थट्टा करीत नव्हती. १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडात राइट आणि गिल्ड या दोघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. एकाने १० आणि दुसऱ्याने ७ माणसे बसवून त्यांच्याकडून प्रकाशाच्या मिश्रणांनी रंग जुळवून घेतले. त्या १७ जणांच्या दृष्टीची सरासरी काढून १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश-आयोगाने 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. रंग मोजणारी यंत्रे अजूनही त्या गणिताचा आधार घेतात. काकांनी ते ऐकून घेतले आणि खुर्ची थोडी पुढे ओढली. यंत्राच्या पोटात अखेर माणसांचेच डोळे आहेत, हे कळल्यावर त्यांचा राग निम्मा उतरला असावा.

आता प्रश्न असा होता, की रंगाचे अंतर कळले, तरी यंत्राला 'रंग' नावाची किल्ली नसते. किल्ली असते ती शाईची. तेव्हा किती शाईने रंग सर्वांत जवळ येतो, हे शोधले पाहिजे. मुलीने त्यासाठी ताव छापताना मॅजेंटा थोडी थोडी कमी केली आणि प्रत्येक पायरीचा एक ताव बाजूला ठेवला. ओली शाई चकाकते आणि तिचा आकडा फुगतो, म्हणून ताव वाळेपर्यंत सारे थांबले. चहा झाला. मालक दोनदा घड्याळ पाहून गेले. मग तिने प्रत्येक तावावर मॅजेंटाची घनता मोजली आणि पळसाच्या पाकळीवर एका ठरावीक जागी जुन्या तावापासूनचे अंतर मोजले. घनता १.४० असताना अंतर ७ होते. १.३० ला ते साडेपाचावर आले. पण १.२० ला पुन्हा ७ झाले, कारण आता पाकळी नारिंगी होण्याऐवजी नुसतीच फिकट पडत चालली होती. कागदावर बिंदू मांडून जोडले, तर दरीसारखी रेघ निघाली. दरीचा तळ साडेपाचावर होता. किल्ली कितीही फिरवली, तरी त्याखाली जाण्याची वाट या शाईत नव्हती.

मालकांनी ती रेघ पाहिली. काकांच्या तोंडचे 'हा पांगारा झाला' त्यांना पटले नव्हते, रेघ पटली. जुन्या कारखान्याची शाई दुसऱ्या दिवशी आली. पुन्हा पायऱ्या छापल्या, पुन्हा दरी निघाली. या वेळी तिचा तळ १.४० च्या घनतेवर होता आणि तेथे अंतर अवघे १. आता त्या शाईपुरते १.४० या आकड्याला पळसाचे नाव देता येत होते. उरलेली सारी छपाई डेन्सिटोमीटरवर नजर ठेवून, तो आकडा न ढळू देता करायची होती. काका खिडकीशी ताव धरून हसले. त्यांची नजर खरी ठरली होती आणि तीही सर्वांदेखत.

पण गोष्ट येथे संपली नाही. पळस जुळल्यावर काकांचे लक्ष आभाळाकडे गेले. ते त्यांना मळकट वाटले. खणातला जुना ताव शेजारी ठेवला, तर तेही आभाळ त्यांना मळकटच दिसले.

"पाच वर्षांत जुना ताव उतरला," ते म्हणाले. "हे आभाळ असे नव्हते. मला आठवते ना! सायन वाढवली पाहिजे." आणि त्यांनी स्वतःच किल्ल्या सैल केल्या. मुलीने पाहिले, सायन १.६२ वर पोहोचली होती.

ती गप्प राहिली असती, तर कोणी तिला दोष दिला नसता. आदल्याच दिवशी काकांचा डोळा यंत्रापेक्षा खरा ठरला होता. शिवाय तिच्या वडिलांपेक्षाही ते वयाने मोठे. ती जुना ताव घेऊन डेन्सिटोमीटरपाशी गेली आणि सायनच्या चौकोनावर तिने तो टेकवला. आकडा आला १.४४. शेजारीच पेन्सिलीने लिहिलेले होते १.४५. अक्षर काकांचे.

"काका, हे जरा पाहता?" एवढेच ती म्हणाली.

ताव उतरला नव्हता. छपाईतली सायन तशी टिकाऊ असते. उजेडाने उडायचीच, तर पिवळी आणि मॅजेंटा आधी उडतात. काकांनाही हे ठाऊक होते. त्यांनी आपले अक्षर पाहिले, आकडा पाहिला, मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुसण्यासारखे त्यावर काही नव्हते. वयोमानाने माणसाच्या डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि पिवळे भिंग निळा प्रकाश अडवते. हा बदल इतका सावकाश होतो, की ज्याचा डोळा, त्याला तो कळत नाही. त्याला जगच मळल्यासारखे वाटते. पळसाच्या नारिंगीत निळ्याचा अंश नसल्यासारखाच, म्हणून तेथे त्यांची नजर अजून पक्की होती. आभाळाने मात्र त्यांना फसवले होते.

त्यांनी मुकाट्याने किल्ल्या आवळल्या. सायन १.४५ वर आणली. त्या दिवशी १०,००० मुखपृष्ठे छापून झाली, त्यांतील आभाळ काकांना अखेरपर्यंत मळकटच दिसत होते आणि तरी त्यांनी ते तसेच छापले. चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्या डोळ्यांच्या भरवशावर भाकरी खाल्ली, त्यांच्याविरुद्ध जाऊन यंत्र चालवणे ही लहान गोष्ट नव्हे. संध्याकाळी निघताना त्यांनी नव्या तावांतला एक निवडला, कडेला आकडे लिहिण्यासाठी पेन्सिल हाती घेतली आणि मग ती मुलीपुढे धरली.

"आता तू लिही," ते म्हणाले.

दिवाळीनंतर काकांच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पिवळे झालेले भिंग गेले आणि त्या जागी नवे स्वच्छ भिंग बसले. महिनाभराच्या विश्रांतीनंतर ते छापखान्यात आले. पावसाळा केव्हाच सरला होता. अरण्याच्या बाजूचे आभाळ निरभ्र होते. सर्वांची विचारपूस झाल्यावर त्यांनी खण उघडला, काळ्या कागदातून पाच वर्षांपूर्वीचा तो पहिला ताव काढला आणि उत्तरेकडच्या खिडकीशी नेला. क्षणभर पाहिले, नजर करड्या भिंतीवर टेकवली, पुन्हा पाहिले.

"अगं," ते दचकून म्हणाले, "यात सायन कोणी वाढवली?"

मुलीने हसत कडेच्या पेन्सिलीच्या आकड्यावर बोट ठेवले.